तीनशे डॉलर, निळ्या कुप्या आणि सक्तीची लष्करभरती: अमेरिकेत ‘ड्राफ्ट’ परत येईल का?

५ ऑक्टोबर २००४. सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू करण्याचे विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात मतदानाला आले. विरोधात ४०२ मते पडली, बाजूने अवघी २. त्या ४०२ मतांत एक मत चार्ल्स रँगल यांचे होते. आणि विधेयक मांडणारेही चार्ल्स रँगलच होते.

रँगल हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागाचे प्रतिनिधी. कृष्णवर्णीय, गरिबीत वाढलेले, शाळा अर्धवट सोडून १९४८ मध्ये आपणहून सैन्यात दाखल झालेले. नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात कुनू-री येथे चिनी सैन्याचा वेढा पडला, तेव्हा स्वतः जखमी असताना त्यांनी सुमारे चाळीस सहकाऱ्यांना त्यातून बाहेर काढले. इराक युद्धाचे ते कडवे विरोधक. अशा माणसाने तरुणांना सक्तीने सैन्यात नेण्याचे विधेयक का मांडावे? आणि मांडल्यावर स्वतःच त्याच्याविरुद्ध मत का द्यावे?

या कोड्याची उकल करायची तर १८६३ सालापर्यंत मागे जावे लागते.

यादवी युद्ध ऐन भरात होते. स्वयंसेवकांचा ओघ आटला होता. सक्तीच्या भरतीचा मार्ग आधी दक्षिणेने धरला, एप्रिल १८६२ मध्ये. काही महिन्यांतच तिथल्या कायद्यात एक पळवाट आली: ज्या मळ्यावर वीस किंवा त्याहून अधिक गुलाम असतील, तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला सेवेतून सूट. गुलामगिरी टिकवण्यासाठी चाललेल्या युद्धात गुलामांचे मोठे मालकच घरी राहू शकत होते, आणि ज्याच्याकडे एकही गुलाम नाही असा शेतकरी आघाडीवर जात होता.

उत्तरेचा कायदा ३ मार्च १८६३ चा. वीस ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांची नावे नोंदवायची आणि सोडत काढायची. ज्याचे नाव निघेल त्याने एक तर सैन्यात जावे, नाही तर आपल्या जागी बदली माणूस द्यावा, नाही तर ३०० डॉलर भरून त्या सोडतीपुरते मोकळे व्हावे. तीनशे डॉलर म्हणजे तेव्हाच्या साध्या मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. ही रक्कम ठरवण्यामागे कायदा करणाऱ्यांचा हेतू उलटाच होता. बदली माणसांचे भाव आकाशाला भिडू नयेत, मध्यमवर्गीयालाही सुटका परवडावी, असा त्यांचा हिशेब होता. मजुराला मात्र कायद्याने आपल्या जिवाची छापील किंमत जाहीर केली आहे असेच वाटले, आणि त्याचे काही चुकले नाही.

११ जुलै रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिली नावे निघाली. १३ तारखेला जमावाने भरतीची कचेरी पेटवली. चार दिवस शहर जळत होते. त्या उद्रेकाला ‘गरिबांचे बंड’ म्हणून गौरवण्याचा मोह काहींना होतो, पण जमावाचा राग कायदा करणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. तो पडला शहरातल्या कृष्णवर्णीयांवर. त्यांना पूर्ण नागरिकच मानले जात नसल्याने सोडतीच्या यादीत त्यांची नावे नव्हती, आणि ज्यांच्या मुक्तीसाठी आपण मरायचे ते आपल्याच नोकऱ्या घेणार, अशी भीती आयरिश मजुरांत पसरली होती. कृष्णवर्णीय पुरुषांना दिव्याच्या खांबांवर फाशी देण्यात आले. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम जाळला गेला. आतली दोनशेहून अधिक मुले मागच्या बाजूने बाहेर काढली म्हणून वाचली. अधिकृत आकड्यानुसार सुमारे १२० माणसे मेली. दंगल शमवण्यासाठी दोन आठवड्यांपूर्वी गेटिसबर्गला लढलेल्या तुकड्या बोलवाव्या लागल्या.

एवढे करून हाती काय आले? युद्ध संपेपर्यंतच्या चार सोडतींत सुमारे पावणेआठ लाख नावे निघाली. त्यांपैकी सोडतीमुळे प्रत्यक्ष स्वतः सैन्यात गेलेले भरले सुमारे ४६ हजार. बाकीच्यांना वैद्यकीय किंवा कौटुंबिक सूट मिळाली, ते पळाले, त्यांनी पैसे भरले किंवा बदली माणूस दिला. बफेलो शहरातील एका तरुण वकिलाने १५० डॉलरला एक स्थलांतरित माणूस आपल्या जागी पाठवला होता. त्याचे दोन भाऊ सैन्यात होते आणि आई-बहिणींचा भार त्याच्यावर होता, हेही खरे. त्याचे नाव ग्रोव्हर क्लीव्हलँड. पुढे तो दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला.

सक्तीच्या भरतीचा नैतिक प्रश्न पुस्तकांत नेहमी असा मांडला जातो: राज्यसंस्थेला नागरिकाचा जीव मागण्याचा अधिकार आहे का? अमेरिकेच्या इतिहासात मात्र हा प्रश्न फार काळ चर्चेत टिकलेला दिसत नाही. लोक रस्त्यावर आले ते दुसऱ्याच प्रश्नावर: सूट कोणाला?

पहिल्या प्रश्नाचा निकाल न्यायालयाने एका फटक्यात लावला. यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी आणि इच्छेविरुद्धची चाकरी यांवर बंदी घातली. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि पुन्हा सक्तीचा कायदा आला, तेव्हा काहींनी या दुरुस्तीचा आधार घेतला. सक्तीची सैन्यसेवा ही चाकरी नाही तर काय? ७ जानेवारी १९१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिले की राष्ट्राच्या रक्षणाचे उदात्त कर्तव्य आणि गुलामी यांची तुलनाच संभवत नाही. युक्तिवादापेक्षा त्यात ठामपणा अधिक आहे. पण तो निकाल आजतागायत कायम आहे.

इथे थोडे आपल्या घरात डोकावण्यासारखे आहे. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. हा अनुच्छेद तयार होत असताना संविधानसभेच्या उपसमितीत सक्तीच्या लष्करी सेवेला वाव ठेवावा की नाही, यावर चर्चा झाली होती. अखेर दुसरे कलम जोडले गेले: सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, पण ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. ‘वेठ’ या शब्दामागचा जातीचा इतिहास ज्यांनी भोगला होता, त्यांना सूट कोणाला मिळते हे शिकायला न्यूयॉर्कच्या दंगलीची गरज नव्हती. या यादीत लिंगाचा उल्लेख नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. स्वतंत्र भारताने सैन्यासाठी हे कलम आजवर वापरलेले नाही.

१९१७ च्या अमेरिकी कायद्याने १८६३ चा धडा घेतला होता. पैसे भरून सुटका बंद, बदली माणूस बंद. कोणाला पाठवायचे हे गावोगावच्या स्थानिक मंडळांनी ठरवायचे. व्यवस्था वरवर लोकशाहीची होती. पण मंडळावर बसणारे गावातले प्रतिष्ठित गोरे होते, आणि दक्षिणेत त्यांनी कृष्णवर्णीयांना लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा अधिक संख्येने पाठवले.

दुसऱ्या महायुद्धाची कथा वेगळी आहे. १९४० मध्ये शांतताकाळातील पहिला ‘ड्राफ्ट’ आला. ऑगस्ट १९४१ मध्ये त्याची मुदत वाढवण्याचा ठराव प्रतिनिधीगृहात २०३ विरुद्ध २०२ असा, एका मताने तरला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत पर्ल हार्बर झाले. युद्धकाळात सुमारे एक कोटी पुरुष या मार्गाने सैन्यात गेले. श्रीमंतांची मुले, खासदारांची मुले, चित्रपट अभिनेते, सगळेच गणवेशात दिसत होते. सक्तीची भरती म्हणजे समता, ही जी आठवण अमेरिकेत आजही आळवली जाते, ती या पाच वर्षांची आहे. त्या समतेलाही एक भेग होतीच: कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या, जेवणघरे वेगळी, कामे बहुतांशी हमालीची.

मार्च १९४७ मध्ये हा कायदा संपला. पंधरा महिन्यांनी, २४ जून १९४८ रोजी, तो पुन्हा आणला गेला. सक्तीची भरती बंद होऊन परत आल्याचे हे अमेरिकेतले अगदी नेमके उदाहरण आहे, म्हणून ते बारकाईने पाहण्याजोगे. कारण उघड होते: फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियात साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली होती, आणि कायद्यावर सही झाली त्याच दिवशी सोव्हिएत संघाने बर्लिनची नाकेबंदी सुरू केली. तरीही हा पुनर्जन्म बिनविरोध झाला नाही. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीपुढे स्पष्ट बजावले की सैन्यात वर्णभेद राहणार असेल, तर आपण कृष्णवर्णीय तरुणांना भरतीला नकार देण्याचे आवाहन करू, मग त्याला देशद्रोह म्हटले तरी चालेल. त्यांच्यासमोरचा नमुना गांधीजींच्या सविनय कायदेभंगाचा होता. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. निवडणूक जवळ आली होती आणि कृष्णवर्णीयांची मते हवी होती, हे कारण होतेच. पण सक्ती परत आणायची तर तिची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, हे त्या महिन्यात दिसून आले.

याच कायद्याच्या बळावर पुढची पंचवीस वर्षे भरती चालली. १९५८ मध्ये ऐन कीर्तीच्या शिखरावर असलेल्या एल्व्हिस प्रेस्लीचे केसही तिने कापले. मग व्हिएतनाम आले.

व्हिएतनामच्या काळात भरतीयोग्य वयाचे सुमारे पावणेतीन कोटी अमेरिकी पुरुष होते. सक्तीने घेतले गेले सुमारे २२ लाख. गोम या दोन आकड्यांच्या अंतरात आहे. सर्वांनाच जायचे असते तेव्हा निवडीचा प्रश्न उरत नाही. बारांतल्या एकालाच जायचे असते, तेव्हा उरलेले अकरा का नाहीत, याचे उत्तर द्यावे लागते. १९६७ च्या सरकारी आयोगाने आपल्या अहवालाच्या शीर्षकातच हा प्रश्न घातला होता.

प्रत्यक्षातले उत्तर होते सवलती. महाविद्यालयात शिकत असाल तर भरती पुढे ढकलली जाई. पुढील उपाध्यक्ष डिक चेनी यांना अशा पाच सवलती मिळाल्या. खासगी डॉक्टर परवडणाऱ्याला सोयीचे प्रमाणपत्र मिळवणे अवघड नव्हते. ओळखपाळख असेल तर नॅशनल गार्डमध्ये जागा मिळे आणि व्हिएतनाम टळे. दुसऱ्या टोकाला, ऑक्टोबर १९६६ पासून संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी बौद्धिक चाचणीत नापास ठरलेल्यांनाही सैन्यात घेण्याची योजना सुरू केली आणि तीन लाखांहून अधिक तरुण तिच्यातून आत आले. महाविद्यालयीन मुलांना हात न लावता संख्या भरून काढायची होती. कागदावर ती खोगीरभरती होती, पण मरणारी माणसे खरी होती.

१९६७ मध्ये मुहम्मद अलीने ह्यूस्टनच्या भरती केंद्रात आपले नाव पुकारले गेल्यावर पाऊल पुढे टाकायचे नाकारले. विजेतेपद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तुरुंग टळला, पण उमेदीची साडेतीन वर्षे मुष्टियुद्धाविना गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

असंतोष वाढला तसे सरकारने दैवाला शरण जायचे ठरवले. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर काचेच्या मोठ्या भांड्यात ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली कुपी उघडली: १४ सप्टेंबर. म्हणजे १९४४ ते १९५० या काळात १४ सप्टेंबरला जन्मलेले भरतीयोग्य तरुण सर्वांत आधी जाणार. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळी लेख लिहिते अशी आपल्याकडची समजूत. या तरुणांची सटवाई वीस-पंचवीस वर्षे उशिराने आली आणि तिचे लेखन देशभर थेट दाखवले गेले.

निदान दैव तरी निःपक्षपाती असावे! पण कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नव्हत्या. वर्षाच्या अखेरचे महिने वरच राहिले. संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: जानेवारीतील तारखांचा सरासरी क्रमांक सुमारे २०१, डिसेंबरचा सुमारे १२२. क्रमांक जितका लहान तितकी भरती आधी. १९७० मध्ये १९५ पर्यंतचे क्रमांक बोलावले गेले. डिसेंबरात जन्मलेल्या मुलाने कोणाचेही काही वाकडे केले नव्हते. पुढच्या वर्षी दोन फिरती पिंपे वापरून पद्धत सुधारली गेली. आधीच्या सोडतीत ज्यांची तारीख लवकर निघाली होती त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकी मेले. त्यांतले सुमारे १७,७०० सक्तीने नेलेले होते.

सक्ती संपवण्याचे आश्वासन रिचर्ड निक्सन यांनी १९६८ च्या प्रचारातच दिले होते. त्यांनी नेमलेल्या गेट्स आयोगापुढे सेनापती विल्यम वेस्टमोरलंड यांनी, आपल्याला भाडोत्री सैनिकांचे नेतृत्व करायचे नाही, अशी तक्रार केली. त्यावर अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी, मग गुलामांचे करायला आवडेल का, असे विचारल्याची आठवण सांगितली जाते. पण आयोगाचा खरा युक्तिवाद हिशेबाचा होता. सक्तीच्या सैनिकाला बाजारभावापेक्षा कमी पगार देणे म्हणजे त्याच्या एकट्यावर लादलेला छुपा कर आहे. राष्ट्राला सैन्य हवे असेल तर राष्ट्राने त्याची किंमत मोजावी. १९७१ मध्ये नव्या सैनिकांचा पगार जवळपास दुप्पट झाला आणि २७ जानेवारी १९७३ रोजी, पॅरिसच्या शांतता करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी, सक्तीची भरती थांबल्याची घोषणा झाली.

ही सुधारणा होतीच. पण तिने १८६३ चाच व्यवहार उलट्या बाजूने सुरू केला, असे म्हणायला जागा आहे. तेव्हा घरी राहण्यासाठी पैसे भरावे लागत. आता जाण्यासाठी पैसे मिळतात. ज्याला पैशाची निकड आहे तो जातो. सतरा वर्षांच्या मुलाला महाविद्यालयाची फी आणि घरभाडे यांची विवंचना असेल, तर त्याच्या सहीला पूर्ण ‘स्वेच्छा’ म्हणावे का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. रँगल स्वतः असेच सैन्यात गेले होते.

त्यांचे २००३ चे विधेयक इथे समजू लागते. १८ ते २६ वयाच्या मुलग्यांना आणि मुलींनाही दोन वर्षांची लष्करी किंवा नागरी सेवा सक्तीची, आणि महाविद्यालयाच्या नावाखाली पळवाट नाही. युद्धाला मान्यता देणाऱ्या काँग्रेस सदस्यांपैकी अगदी मोजक्यांची मुले सैन्यात होती. स्वतःचे मूल जाणार असेल तर हात वर करण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करेल, एवढेच रँगल यांचे म्हणणे. विधेयक हा आरसा होता. त्यात पाहायची विरोधकांची तयारी नव्हती. सरकार गुपचूप ‘ड्राफ्ट’ आणणार अशा अफवा निवडणुकीच्या तोंडावर पसरल्या होत्या, म्हणून रिपब्लिकन नेतृत्वाने ते घाईने मतदानाला टाकून निकालात काढले. या खेळाचा निषेध म्हणून रँगल यांनीही विरोधात मत दिले.

त्यांचा युक्तिवाद मात्र जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. व्हिएतनाम युद्ध वाढले तेव्हा सक्तीची भरती चालूच होती. उलट हाताशी तयार मनुष्यबळ असल्याने ते वाढवणे सोपे गेले. सक्तीने युद्ध रोखले नाही. तिने युद्धाचा राग मध्यमवर्गाच्या घरापर्यंत नेला, तोही उशिरा, सवलती आटू लागल्यावर.

मग ‘ड्राफ्ट’ परत येण्याची शक्यता किती? यंत्रणा जिवंत आहे. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मुलग्यांची नोंदणी पुन्हा सुरू केली आणि ती अजून चालू आहे. नोंदणी टाळल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण १९८६ नंतर कोणावरही खटला भरलेला नाही. प्रत्यक्ष भरतीसाठी काँग्रेसने नवा कायदा करावा लागतो. २०२२ मध्ये लष्कराला ६० हजारांच्या लक्ष्यापेक्षा सुमारे १५ हजार सैनिक कमी मिळाले तेव्हाही कोणी तो मांडण्याचे धाडस केले नाही. पुढील वर्षांत तूट भरून निघाली. युरोपात चित्र वेगळे आहे. लिथुआनियाने २०१५ मध्ये, स्वीडनने २०१७ मध्ये, लाटव्हियाने २०२३ मध्ये सक्ती परत आणली, कारण रशिया शेजारी आहे. स्वीडनने मुलींनाही यादीत घेतले.

अमेरिकेपुढची अडचण जुनीच, दोन आकड्यांच्या अंतराची आहे. तिथे दरवर्षी सुमारे वीस लाख मुलगे अठरा वर्षांचे होतात. सैन्याला त्यांतले थोडेच हवे असतात. म्हणजे पुन्हा निवड, पुन्हा सवलती, पुन्हा कुप्या. सर्वांना नेणारे महायुद्ध उद्भवल्याशिवाय समान सक्ती शक्य नाही, आणि तसे युद्ध नसताना असमान सक्ती खपवून घेईल असा मतदार उरलेला नाही.

रँगल यांनी ते विधेयक नंतरही अनेकदा मांडले. ते कधीच मंजूर झाले नाही. जानेवारी २०१७ मध्ये ते काँग्रेसमधून निवृत्त झाले, तेव्हा अफगाणिस्तानातील युद्धाचे सोळावे वर्ष चालू होते.